बॉम्ब आहे, मग भरती कशाला?

कॅम्पातला
काल संध्याकाळी बेळगावात मिलिटरी महादेवाजवळ चहा घेत होतो. शेजारच्या पोरानं विचारलं, "काका, आपल्याकडं अणुबॉम्ब हाय, मग मराठा सेंटरात फौजेच्या भरतीला अजून पोरं पळवत्यात कशाला?" तेव्हा नुसता हसलो. उत्तर रात्री सुचलं.

बॉम्ब म्हणजे घराच्या दाराचा अडसर. रात्रीत बांध कोरणाऱ्या भाऊबंदाला अडसराची कसली भीती? मे १९९८ मध्ये पोखरण झालं, त्याच महिन्यात पाकिस्ताननं चगाईत स्फोट केले, आणि वर्षाच्या आत कारगिल. शिखरं बोफोर्सनं भाजून काढली नि पायदळानं चढून घेतली. पुढंही पैसा तोफगोळे, ड्रोन आणि माणसांवरच जावा. बॉम्ब आहेत तेवढे पुष्कळ. शिवाय तोफगोळ्यांची ऑर्डर आली तर उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या भट्ट्याही पेटतील.

टिळकवाडीकर
अर्धीच गोष्ट सांगितलीत. कारगिल कारगिलपुरतंच का राहिलं? हवाई दलालासुद्धा नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असा हुकूम होता. १९६५ ला आपली फौज लाहोरच्या वेशीपर्यंत गेली होती. १९९९ ला दोन्हीकडं बॉम्ब होते म्हणून हात आखडले. युक्रेननं १९९४ ला सुरक्षेची हमी देणाऱ्या बुडापेस्टच्या कागदावर विसंबून अण्वस्त्रं सोडली. २०१४ ला क्रिमिया गेला, २०२२ ला रणगाडे कीव्हच्या दिशेनं आले. त्या सह्यांचं आता लोणचं घाला.

कॅम्पातला
त्या अण्वस्त्रांच्या किल्ल्या मॉस्कोत होत्या हो. आणि आज युक्रेन जगाकडं काय मागतोय? १५५ मिलिमीटरचे गोळे.

उद्यमबाग_शिफ्ट२
फाउंड्रीतला माणूस म्हणून एकच. १५५ च्या गोळ्याचं कवच ओतीव नसतं, घडीव असतं. फोर्जिंगचं काम आहे ते, आमच्या साच्यांचं नाही. उगाच भट्ट्या पेटवू नका.

खानापूरची
दादा, "आहेत तेवढे पुष्कळ" हे पटलं नाही. २००३ च्या आपल्या धोरणात पहिला वार आपण करणार नाही असं लिहिलंय. म्हणजे पहिला वार सोसून उलटा मारता आला पाहिजे. जमिनीवरचं सगळं शत्रूला हेरता येतं, म्हणून अरिहंत ही अण्वस्त्रं नेणारी पाणबुडी समुद्रात आणली, २०२४ ला दुसरी, अरिघात आली. प्रश्न बॉम्बच्या संख्येचा नाहीच, ते लपवायचे कुठं याचा आहे. त्यालाही पैसा लागतो.

पण मला खरी भीती निराळीच वाटते. २०१६ ला आपण रेषेपलीकडं जाऊन आलो. २०१९ ला विमानं बालाकोटपर्यंत गेली. २०२५ च्या मे महिन्यात ७ ते १० असे चार दिवस क्षेपणास्त्रं नि ड्रोन. दर खेपेला एक पायरी वर. तिकडं पाकिस्तानाकडं सत्तर किलोमीटर पल्ल्याचं नस्र क्षेपणास्त्र आहे, तेही अण्वस्त्र नेण्यासाठीच बनवलेलं. "बॉम्ब वेगळा, तोफा वेगळ्या" असं तुम्ही म्हणता, पण जिना एकच आहे आणि वरची पायरी अंधारात आहे. त्या चार दिवसांत माझ्या भावाचा फोन लागत नव्हता. आईनं देव पाण्यात ठेवले होते. अडसर नि बांध तिला सांगून बघा.

टिळकवाडीकर
मग उत्तरच द्यायचं नव्हतं काय?

खानापूरची
असं कुठं म्हटलं मी? जिना मोजत चढा म्हणाले.

बेळगुंदीचा_सुभेदार
मी नव्व्याण्णवला काश्मिरात होतो. बॉम्बचा विषय आमच्यात एकदाही निघाला नाही. बोलणं व्हायचं ते ओल्या मोज्यांचं. वर एकाला लढता ठेवायला खाली सामान वाहणारे कितीतरी लागतात, ते कुणी मोजत नाही. ड्रोन येऊ देत, पण घेतलेल्या शिखरावर रात्र काढायला माणूसच लागतोय. आणि तो माणूस चार वर्षांत तयार होत नाही. २०२२ पासूनचे अग्निवीर शंभरातले पंचवीसच राहणार. पोरगं जरा हुशार झालं की घरी. बॉम्बपेक्षा याच्यावर भांडा.

कॅम्पातला
ताई, "पुष्कळ" मागं घेतो. भट्ट्याही विझवल्या. जिन्याचं मात्र पूर्ण पटलं नाही. खालची पायरी मजबूत असली तर वर चढायची वेळच कमी येते. सुभेदार साहेब, तुमचं म्हणणं त्या पोराला सांगितलं. म्हणाला, ते राहू दे, सोळाशे मीटर किती मिनिटांत पळायचं ते विचारा.

बेळगुंदीचा_सुभेदार
साडेपाच मिनिटांच्या आत आला तर पूर्ण मार्क. उद्या पहाटे पाठवा त्याला, मी मैदानावर असतोय.