द्रास येथील कारगिल युद्ध स्मारक: वेळेचे नियोजन आणि ज्येष्ठांची सोय

नमस्कार. जूनच्या शेवटी आम्ही चौघे श्रीनगरहून कारगिलला भाड्याच्या गाडीने जाणार असून वाटेत द्रास येथील कारगिल युद्ध स्मारक आणि तिथले संग्रहालय नीट पाहण्याचा विचार आहे. २६ जुलैच्या कारगिल विजय दिवसाची गर्दी टाळण्यासाठीच हे दिवस निवडले आहेत.

आमच्यासोबत ७२ वर्षांचे वडील आहेत. त्यांना हृदयविकार किंवा दमा नाही, मात्र गुडघेदुखीमुळे ते फार वेळ उभे राहू शकत नाहीत. द्रास १०,००० फुटांहून अधिक उंचीवर असल्याने डॉक्टरांचा सल्ला घेतला आहे आणि झोजिला खिंड एका दमात ओलांडण्याऐवजी आदली रात्र सोनमर्गला काढणार आहोत. ओळखपत्रे सोबत असतील.

दोन प्रवासी कंपन्यांकडे चौकशी केली. एकीने 'अर्धा तास पुरे' असे सांगितले (तो बहुधा छायाचित्रापुरता असावा), तर दुसरीने अर्धा दिवस. हुतात्म्यांची नावे कोरलेली भिंत, संग्रहालयातील नकाशे व शस्त्रे, आणि समोर दिसणाऱ्या तोलोलिंग व टायगर हिल या शिखरांविषयी जवान देतात ती माहिती, एवढे सारे घाई न करता पाहायचे आहे. मुक्काम कारगिललाच असल्याने अंधार पडण्यापूर्वी तिथे पोहोचणे आवश्यक आहे.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे: यासाठी प्रत्यक्षात किती तास ठेवावेत, आणि प्रवेशद्वारापासून संग्रहालयापर्यंत वडिलांसाठी चाकांची खुर्ची किंवा मध्ये बसण्याची सोय आहे का?