डिक्शनरी ओळीने वाचून स्पेलिंग पक्कं होतं म्हणे!

रावपुरा_वाचक:
काल इथे सल्ला झळकला: मुलांना रोज डिक्शनरीची दोन पानं ए पासून ओळीने वाचायला लावा, स्पेलिंग आपोआप पक्कं होईल. खाली हात जोडणाऱ्यांची रांग! राहवलं नाही म्हणून लिहितोय. अकारविल्हे क्रम शब्दांची डोकी एकत्र आणतो, मुलं चुकतात पोटात आणि शेपटात. 'सेपरेट'मध्ये पी नंतर ए की ई? 'डिपेंडंट'ला ई-एन-टी, 'अटेंडन्स'ला ए-एन-सी-ई. हे दोघे कोशात कधी शेजारी येणारच नाहीत. शिवाय ठळक अक्षरात छापतात तो 'अकर' (घडणे), एका आरचा. भूतकाळात आर दोन होतात, कारण उच्चाराचा आघात शेवटच्या अवयवावर (सिलॅबलवर) आहे. ('ओपन'चा आघात आधी, म्हणून तिथे एन एकच.) हे आत बारीक टायपात असतं, खिशातल्या कोशात तेही नसतं.

दांडिया_बाजार:
शेपटाचं नंतर, काका. आधी शब्द सापडायला हवा ना? कान 'न' ऐकतो, मूल एन उघडतं. नाइफ के-एन मध्ये, न्यूमोनिया पी-एन मध्ये, निमॉनिक एम-एन मध्ये. 'र' ऐकला तर डब्ल्यू-आर आणि आर-एचसुद्धा बघावं लागतं. ओळीने वाचलं की के-एन चं अख्खं कुटुंब एखाद्या पानात भेटतं. तसंच डबल सी, डबल पी, डबल टी: लॅटिन 'अ‍ॅड'मधला डी पुढच्या अक्षरासारखा झाला, म्हणून 'अकम्पनी', 'अपॉइंट', 'अटेंड'. हे रांगेतच दिसतं.

रावपुरा_वाचक:
त्याच रांगेत एका सीची 'अकॅडमी' आणि एका पीची 'अपॉलॉजी' बसलीय. त्यांचं काय करायचं?

दांडिया_बाजार:
ते ग्रीकमधून आलेत, तिथे 'अ‍ॅड' नाहीच. उलट माझाच मुद्दा झाला.

सयाजीगंज_ताई:
डिक्शनरी कोणती, हे कुणी विचारतच नाही! वेब्स्टरच्या 1828 च्या अमेरिकन कोशात 'कलर'ला यू नाही. 'लायसन्स' ब्रिटिश पद्धतीत नामाला सी, क्रियापदाला एस. अमेरिकेत दोन्हीकडे एस. 'ऑर्गनाइझ'ला ऑक्सफर्ड स्वतः झेड आधी देतं, आणि इथे वहीत त्यावर लाल रेघ. मुलाच्या फोनचा कीबोर्ड अमेरिकन, टेबलावरचा कोश ब्रिटिश. आधी कीबोर्डची भाषा बदला.

मांडवीकर:
इंग्रजीचं एवढं कौतुक! बडोद्याची मुलं गुजरातीत 'कवि', 'शक्ति' ऱ्हस्व लिहितात आणि तेच मराठीच्या वहीत उतरवतात. मराठी शुद्धलेखनाच्या 1962 च्या नियमांनी शेवटचा इकार-उकार दीर्घ, पण समासात पुन्हा 'कविसंमेलन', 'शक्तिप्रदर्शन'. म्हणजे कोशात समास आधी आणि 'कवी' मागाहून!

रावपुरा_वाचक:
नियमच उरफाटा. तत्सम शब्द मुळाप्रमाणे ऱ्हस्व ठेवले असते तर हा घोळ नसता. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात 'कवि'च आहे.

मांडवीकर:
मोल्सवर्थची पहिली आवृत्ती 1831 ची. ती घेऊन मूल परीक्षेला बसणार का?

सयाजीगंज_ताई:
गुजराती बघा. 1929 मध्ये गुजरात विद्यापीठाचा जोडणीकोश (जोडणी म्हणजे स्पेलिंग) आला, गांधीजींनी बजावलं की यापुढे मनमानी जोडणी करायचा हक्क कुणाला नाही. वाद मिटला.

दांडिया_बाजार:
मिटला? ताई, 1999 मध्ये ऊंझ्याला परिषद भरली, एकच ई आणि एकच उ ठेवा म्हणून. ऊंझा जोडणीवाले अजून तसंच लिहितात.

सयाजीगंज_ताई:
ते मूठभर.

दांडिया_बाजार:
आपले 'कवि'वालेही मूठभरच. या धाग्यावर एक भेटले.

रावपुरा_वाचक:
टोमणा पोचला. बरं, घ्या: के-एन, डब्ल्यू-आर, पी-एस, आर-एच एवढी पानं ओळीने वाचावीत, कबूल. आठवडाभरात संपतात. बाकीचं चुकलेल्या शब्दांच्या वहीतून, आणि त्या वहीचा क्रम शेवटच्या तीन अक्षरांवर लावायचा: ए-एन-टी एका पानावर, ई-एन-टी समोरच्या.

दांडिया_बाजार:
म्हणजे शेवटी अकारविल्हेच, फक्त उलट्या बाजूने. चालेल, काका.