मदत हवी आहे: गावच्या धरणाच्या भिंतीखालून पाणी येतंय, कुणाकडे जाऊ?

कपाशी_साक्री:
आमचं शेत धरणाच्या अगदी खाली. भिंतीच्या पायथ्याशी आठ दिवसांपासून पाणी येतंय. तलाठी भाऊसाहेबांना दोनदा सांगितलं, वर कळवतो म्हणाले. रात्री झोप नाही. लवकर सांगा.

नाना_शिरपूर:
पाझर तलाव असेल तर पाझरणारच, त्यासाठीच बांधतात.

कपाशी_साक्री:
पाझर तलाव नाही नाना. ७२ च्या दुष्काळातलं मातीचं धरण आहे, गेट आहे, पाट आहे.

बोरीकाठ:
पानी गढूय शे का निवय? ते सांग आधी.

निवृत्त_शाखा_अभियंता:
बरोबर विचारलं. भाऊ, ते पाणी काचेच्या बाटलीत भरून तासभर हलवू नका. तळाशी माती बसली, तर भिंत आतून पोखरली जातेय. सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेची, स्थितीही सांगा.

जेसीबी_अमळनेर:
खरं दुखणं गाळाचं. गाळमुक्त धरण योजनेत अर्ज करा. आमच्याकडे काढला, शेतात टाकला, कापूस बघत राहावा असा आला.

निवृत्त_शाखा_अभियंता:
गाळ उन्हाळ्यात काढा, तोही भिंतीपासून लांब. भिंतीलगत खोदलं की पाणी अडवणारा चिकण थर जातो, गळती वाढते. भरल्या धरणात हा विषयच नको.

जेसीबी_अमळनेर:
आम्ही लगतच खोदलं, काही झालं नाही.

पांझराकाठ:
आमच्या पांझरा नदीवरचे फडाचे बंधारे (गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची जुनी पद्धत) शेकडो वर्षं टिकले, कारण पाटाची देखरेख करणारा पाटकरी रोज फिरायचा. आता धरणावर फिरतं कोण?

कपाशी_साक्री:
बाटलीत नखाएवढा पिवळा गाळ बसला. पाणी भिंतीवरच्या बाभळीच्या बुडापासून निघतंय. सांडव्यावर दीड फूट पोती आहेत, दरवर्षी लावतो, कांद्याला एक पाणी जास्त मिळतं.

निवृत्त_शाखा_अभियंता:
पोती आजच काढा! सांडवा भिंतीच्या माथ्याहून खाली ठेवतात तो पुरासाठी. ती जागा तुम्ही भरून टाकलीत, आणि पाणी माथ्यावरून गेलं की मातीची भिंत टिकत नाही. आधी नाल्यातली माणसं-गुरं हलवा, मग एकेक थर काढा. गेट थोडं थोडंच उघडा, पाणी झपाट्याने उतरलं तर आतला उतार घसरतो. गळतीच्या तोंडात माती कोंबू नका. वर जाड वाळू, मग खडी, मग दगड: पाणी येऊ द्या, माती अडू द्या. बाभूळ उपटू नका, मुळांच्या जागी पोकळी राहते.
१०० हेक्टरपर्यंत सिंचन असेल तर जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग, मोठं असेल तर मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा. पण आज आधी १०७७, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष. लेखी अर्जाची पोच घ्या.

बोरीकाठ:
चिपळूणजवळच्या तिवऱ्याच्या लोकांनीही गळतीची तक्रार केली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटलं, वीसवर माणसं गेली. पाणी वाढलं तर दादा, घर सोड, कांद्याकडे बघू नको.

मासळी_तळोदा:
तिथे मत्स्यबीज सोडायचा ठेका कुणाकडे असतो?

कपाशी_साक्री:
१०७७ ला सांगितलं, उद्या सकाळी अभियंता येतोय. पोती काढली, पाणी वीतभर उतरलं. वाळू-खडी टाकली. बाटली परत भरली: गाळ आहे, पण कमी. पोरं आणि आई आज मामांकडे वरच्या गावात. आम्ही चौघं बॅटऱ्या घेऊन भिंतीवर आहोत. दर तासाला बाटली भरतोय.