मदत हवी आहे : बरीच वर्षं पडून असलेले स्कूबाचे दोन संच पुन्हा वापरायचे आहेत, काय काय तपासावं?

गोदाकाठ :

नमस्कार मंडळी. पैठणच्या वरच्या अंगाला, नाथसागराच्या फुगवट्यावर आमचं गाव आहे. दरवर्षी पोळा ते अनंत चतुर्दशी या दिवसांत इथे कोणी ना कोणी बुडतं. तालुक्याहून पथक येईपर्यंत गावातलेच पोहणारे पाण्यात उतरतात. आम्ही सहा जण गेली चार वर्षं हे काम करतो, दम रोखून बुडी मारायची आणि हाताने चाचपडायचं. पावसाळ्यात पाणी इतकं गढूळ असतं की स्वतःचा तळहात दिसत नाही. त्यात खाली बाभळीची खोडं, बुडीत गावठाणाच्या भिंती, मासेमारांची तुटकी जाळी.

यंदा पुण्याच्या एका सद्गृहस्थांनी त्यांचे स्कूबाचे, म्हणजे पाठीवरच्या टाकीतल्या हवेवर पाण्याखाली श्वास घ्यायचे, दोन संच आम्हाला दिले. प्रकृतीमुळे त्यांनी डायव्हिंग सोडून सात वर्षं झाली. १२ लिटरच्या दोन स्टीलच्या टाक्या, टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारे दोन रेग्युलेटर, हवा भरून फुगणारी दोन जॅकेटं आणि प्रेशर गेज असं सामान आहे. टाक्यांच्या खांद्यावर शेवटच्या चाचणीचा शिक्का २०१५ चा आहे. आमच्यातल्या दोघांनी तारकर्लीला जाऊन प्राथमिक कोर्स केलाय, पण तिथे सामान तयार हातात मिळायचं, देखभाल कुणी शिकवली नाही.

मागच्या रविवारी घाटावर छातीएवढ्या पाण्यात संच लावून पाहिले. पहिल्याचा व्हॉल्व्ह उघडला की तोंडातल्या भागातून हवा सुटते ती थांबतच नाही. दुसऱ्याने हवा नीट येते, पण प्रत्येक श्वासाबरोबर पाण्याचे थेंब घशात जातात. पहिल्या टाकीत अजून ४० बार दाबाची हवा होती. तिच्यावर दुसरं रेग्युलेटर लावून आमच्यातला एक जण आठ-दहा मिनिटं श्वास घेत बसला. बाहेर आल्यावर म्हणाला, डोकं जड झालंय, गरगरतंय. रेग्युलेटर सोडवलं तर त्याच्या टाकीवर बसणाऱ्या टोकातल्या बारीक जाळीवर तांबूस पूड दिसली, बोटाला लागली.

घरी काय करता येईल, बाहेर काय पाठवावं लागेल आणि हवा कुठे भरायची? एक जण म्हणतो वाळूजला ऑक्सिजनच्या प्लांटवर भरून घेऊ, दुसरा म्हणतो टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आहेच. गणपतीच्या आधी तयारी व्हावी अशी इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

किनारपट्टी :

भाऊ, आधी एक काम करा. त्या टाकीतली हवा परत कुणीही ओढू नका. गरगरलेल्या मुलाला डॉक्टरांना दाखवलं नसेल तर आजच दाखवा.

जाळीवरची तांबूस पूड म्हणजे गंज, आणि तो रेग्युलेटरचा नाही, टाकीच्या आतला आहे. ती जाळी म्हणजे टाकीचा आरसा. तांबूस दिसली तर स्टीलची टाकी आतून गंजतेय. हिरवट दिसली तर पाणी आत शिरून रेग्युलेटरचं पितळ खराब होतंय. काळी पडली तर बहुधा कॉम्प्रेसरच्या फिल्टरमधून कोळशाची पूड आलीय. जाळी ब्रशने घासून स्वच्छ केली तर आरसा पुसला जातो, दुखणं तसंच राहतं.

आता गरगरण्याबद्दल. लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. आत ओल राहिलेली स्टीलची टाकी वर्षानुवर्षं बंद पडून असेल तर आतल्या हवेतला ऑक्सिजन बराच कमी झालेला असू शकतो. अशी हवा ओढताना काही कळत नाही, वास नाही, चव नाही, श्वास कोंडल्यासारखंही वाटत नाही. माणूस सरळ बेशुद्ध होतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत हेच झालं असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण छातीएवढ्या पाण्याऐवजी तो तीस फुटांवर असता तर काय झालं असतं, या विचारानेच मला धस्स झालं.

टाकी पेसोची मान्यता असलेल्या चाचणी केंद्रातच उघडायची. पेसो म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेलं केंद्र सरकारचं खातं. आपल्याकडचे सगळे गॅस सिलिंडर २०१६ च्या नियमांनुसार त्यांच्याच अखत्यारीत येतात. तिथे व्हॉल्व्ह काढून आत दिवा टाकून बघतात, मग टाकीत पाणी भरून दाब देतात. तुमच्या शिक्क्यात भरण्याचा दाब २०० बार असेल तर शेजारी चाचणीचा ३०० लिहिलेला सापडेल. दाब सोडल्यावर टाकी मूळ मापावर परत येते की फुगलेलीच राहते, हे मोजतात. ही चाचणी दर ५ वर्षांनी, आणि आतून बघणं आम्ही दर वर्षी करतो. हात जोडून सांगतो, व्हॉल्व्ह पान्याने स्वतः काढायला जाऊ नका. टाकीत दाब शिल्लक असेल तर तो व्हॉल्व्ह गोळीसारखा सुटतो.

थेंब येण्याचं निदान मात्र घरी होतं. रेग्युलेटर टाकीपासून सोडवा, टाकीवर बसणाऱ्या टोकाची टोपी घट्ट बसवा आणि तोंडातला भाग तोंडात धरून हवा ओढा. काहीच यायला नको, जीभ खेचली गेल्यासारखं वाटलं पाहिजे. थोडी जरी हवा आली तर कुठून तरी शिरतेय. रबरी माऊथपीस बोटांनी ताणून बघा. जिथे प्लास्टिकची पट्टी आवळलेली असते तिथे बारीक चीर जाते, वरून दिसत नाही. माऊथपीस स्वस्त मिळतं, बदलून टाका. ते धड असेल तर उच्छ्वास बाहेर सोडणारी पातळ रबरी चकती बघायला लागेल. तिच्याखाली मातीचा एक कण अडकला तरी पाणी आत येतं, आणि तुमच्याकडची काळी माती तर पिठासारखी बारीक.

सतत हवा सुटते त्याचं कारण बहुधा टाकीवर बसणाऱ्या भागात आहे. टाकीचा दाब उतरवून पुढे साधारण ९-१० बारने हवा पाठवणं हे त्याचं काम. आतली बैठक, म्हणजे झडप टेकते तो भाग, झिजली की दाब वर चढत राहतो आणि पुढून हवा फेकली जाते. हे घरी उघडायचं नाही. त्याला मापाचे गेज, त्याच मॉडेलचं सुट्या भागांचं किट आणि शिकलेला हात लागतो.

गोदाकाठ :

दादा, फार मोठे उपकार झाले. मुलगा आता ठीक आहे, दवाखान्यात नेऊन आणलं. टाक्या बाजूला ठेवल्यात, दोन्हींवर खडूने ‘वापरू नये’ लिहिलंय.

माऊथपीस ताणून बघितलं तर खरोखरच खालच्या बाजूला नखाएवढी चीर निघाली. अजून एक विचारायचं राहिलं. धुण्यासाठी आम्ही शेतातल्या बोअरचं पाणी वापरलं. वाळल्यावर सगळ्या बटणांभोवती पांढरा थर आलाय. आणि ऑक्सिजन प्लांटचं काय?

अग्निशमन निवृत्त, नांदेड :

ऑक्सिजनचं मी सांगतो, कारण हा प्रश्न कोविडनंतर मला अनेकांनी विचारलाय. नाही म्हणजे नाही. शुद्ध ऑक्सिजन ६ मीटरच्या, म्हणजे वीस फुटांच्या खाली विषासारखा काम करतो. आधी सूचना न देता झटके येतात, तोंडातलं निसटतं आणि माणूस बुडतो. शिवाय हवेसाठी बनवलेल्या व्हॉल्व्हमध्ये तेल-ग्रीसचा अंश असतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की पेट घेतात. दवाखान्यात जे जीव वाचवतं ते पाण्याखाली जीव घेतं, हे गावात सगळ्यांना समजावून सांगा.

टायरवाल्याचा कॉम्प्रेसर दहा-बारा बारच्या वर जात नाही, त्यामुळे टाकी भरणारच नाही. पण कुणी मोठा कारखान्याचा कॉम्प्रेसर दाखवला तरी तोंड लावू नका. गरम तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड त्यात येऊ शकतं, आणि खोलीवर दाब वाढतो तसा त्याचा परिणामही वाढतो. श्वसनासाठीच्या हवेच्या युरोपीय मानकात कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत ५ भागांपेक्षा जास्त चालत नाही. धुरात शिरताना जवान पाठीवर जे संच लावतात ते भरायला अग्निशमन दलाकडे श्वसनयोग्य हवेचा कॉम्प्रेसर असतो. तुमच्या जवळच्या मोठ्या शहरातल्या दलाकडे ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन जा आणि हवेच्या तपासणीचा शेवटचा अहवाल मागा. शिक्का ताजा नसलेली टाकी ते भरणार नाहीत आणि भरूही नये.

बटणं घट्ट झाली म्हणून खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नका. ओ-रिंगला, म्हणजे सांध्यातल्या रबरी कड्यांना, फक्त सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला लागेल न लागेल इतकंच.

किनारपट्टी :

बोअरचा थर म्हणजे क्षार. आम्ही मीठ धुऊन काढतो आणि तुम्ही चुना बसवताय. माती निघेपर्यंत पहिलं धुणं साध्या पाण्याने चालेल, पण शेवटचं भिजवणं पावसाच्या साठवलेल्या पाण्यात किंवा जारच्या पाण्यात करा. अर्धा तास भिजू द्या. पाण्यात असताना पर्ज बटण (तोंडातल्या भागावरचं हवा सोडायचं बटण) दाबायचं नाही, दाबलं की पाणी सरळ होजमधून आत जातं. टोपी बसवण्याआधी ती कोरडी करा. ओली टोपी म्हणजे थेंबभर पाणी स्वतःच्या हाताने जाळीवर ठेवणं.

जॅकेट दुर्लक्षित राहतं म्हणून मुद्दाम सांगतो. हवा भरणारं बटण आत अडकून राहिलं तर जॅकेट आपोआप फुगत जातं आणि माणूस खालून झपाट्याने वर फेकला जातो. वर येताना श्वास रोखला गेला तर फुप्फुस फाटतं. बटण वीस वेळा दाबून बघा, प्रत्येक वेळी झटकन बाहेर यायला हवं. जॅकेट फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ पडलं तर गळती आहे. होज दोन्ही टोकांना रबरी आवरण सरकवून वाकवून बघा, चिरा तिथेच लपलेल्या असतात.

टाक्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. २०० बारला भरलेल्या टाकीत दर अंशाला ०.६ ते ०.७ बार दाब वाढतो. तुमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होईल बघा. सावलीत, उभी, साखळीने बांधून ठेवा.

आणि एक. धरण भरलं की तुम्ही अभिमानाने १५२२ फूट सांगता, ती समुद्रसपाटीपासूनची उंची आहे. ३०० मीटरच्या वरचं डायव्हिंग उंचीवरचं धरलं जातं आणि तुमचं पाणी ४६० मीटरच्या वर आहे. किती खोलीवर किती वेळ राहायचं याचे तारकर्लीला शिकलेले तक्ते तिथे जसेच्या तसे चालत नाहीत. शून्य दृश्यमानतेत जाळ्यांमध्ये शोध घेणं प्राथमिक कोर्समध्ये शिकवत नाहीत. सामान नीट झालं तरी ते वेगळं शिकावं लागेल. तुम्ही करताय ते काम मोठं आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितोय.

गोदाकाठ :

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला. दोन्ही टाक्या पुण्याला चाचणी केंद्रात घेऊन गेलो होतो. माझ्यासमोर पहिलीचा व्हॉल्व्ह काढून ती उपडी केली, तर चहाच्या कपभर लाल पाणी बाहेर आलं. आत दिवा टाकून मलाही दाखवलं. बुडाशी देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. ती तिथेच बाद केली. दुसरी आतून कोरडी निघाली, पाण्याची चाचणीही पास झाली, खांद्यावर नवा शिक्का बसला.

रेग्युलेटर दुरुस्तीला दिलेत. थेंब येणाऱ्याचं किट मिळालं. हवा सोडणाऱ्याचं मॉडेल जुनं आहे, भाग मिळत नाहीत. म्हणजे पूर्ण संच एकच उरतो, आणि पाण्याखाली एकट्याने जायचं नाही हे तारकर्लीला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आम्ही सहा जणांनी बसून ठरवलं, यंदाच्या विसर्जनाला स्कूबा नाही. होडी, लाइफ जॅकेट, टायरच्या ट्यूबा आणि ३० मीटरचे दोन दोर. परवा घाटावर दोर फेकण्याचा सराव केला. ज्याला गरगरलं होतं त्याचाच दोर सगळ्यात लांब आणि नेमका पडतो.

आता एवढंच सांगा, दुसऱ्या संचासाठी वापरलेलं रेग्युलेटर बघावं की पैसे जमेपर्यंत थांबून नवंच घ्यावं? आणि घेताना सुटे भाग पुढे मिळत राहतील याची खात्री कशी करायची?