प्रोजेक्ट, प्रोग्राम की पोर्टफोलिओ?

प्रश्न (शिरोली एमआयडीसी): फौंड्रीत नवी इंडक्शन भट्टी (विजेवर धातू वितळवणारी), मोल्डिंग लाइन (साचे बनवणारी), ईआरपी (हिशेब, साठा, ऑर्डरी एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), सगळं एकदम सुरू आहे. याला प्रोग्राम म्हणायचं का?

उत्तर १: भट्टी बसवून चाचणी हीट (वितळलेल्या धातूचा एक घाणा) निघाली की संपलं, तो प्रोजेक्ट. भट्टी, वाढीव वीजभार नि मोल्डिंग लाइन मिळून उत्पादन वाढणार, म्हणून तो प्रोग्राम. एकाची तारीख सरकली की बाकीच्यांची हलते. ईआरपीचा त्यांच्याशी संबंध नाही, पैसा मात्र त्याच तिजोरीतला. म्हणून सगळं मिळून पोर्टफोलिओ.

उत्तर २: घोळ होतो तो माणसांत. मेंटेनन्सचा एकच इलेक्ट्रिशियन तिन्ही वेळापत्रकांत पूर्णवेळ धरलेला असतो! आधी कोणाचे किती दिवस लागणार ते एका शीटवर मांडा, मग तारखा द्या. वाढीव भार मंजूर नसेल तर भट्टी ताडपत्रीखाली पडून राहते.

उत्तर ३: काम थांबवायचा अधिकार मालकांकडेच ठेवा. मॅनेजर स्वतःचा प्रोजेक्ट कशाला बंद करतोय?