मदत हवी आहे: फियाट पाणी फेकते, रविवारच्या आत काहीतरी सांगा

कऱ्हाकाठ
लोकहो, फियाट गरम होतेय. काटा लाल पट्ट्यात जातो आणि मग झाकणाखालून पाणी बाहेर. पुढच्या रविवारी वाईला भाचीचं लग्न आहे, नवरीला याच गाडीतून न्यायचं घरात ठरलंय. रेडिएटर साफ करून झाला. मेस्त्री म्हणतो मारुती ८०० चा इलेक्ट्रिक पंखा बसवू, एका दिवसाचं काम. बसवू का? पुण्यात चांगला कुठे मिळेल? जाणकारांनी लवकर सांगा. 'ओला कॅब करा' छाप विनोद नकोत.

टॉर्कपाना
कोणती फियाट? डुक्कर, डिलाइट की पद्मिनी? बॅटरी चार्ज करायला डायनामो की अल्टरनेटर? गरम कधी होते, सिग्नलला उभी असताना की पळताना? रेडिएटरचं झाकण किती पीएसआय दाबाचं आहे? यातलं काहीच न सांगता पंख्याचं विचारताय.

कऱ्हाकाठ
११०० डी हो, ६८ ची. डायनामो. त्याचा पंख्याशी काय संबंध?

निळू
डोळे झाकून बसवा. माझ्या पद्मिनीला बसवलाय, दादरच्या ट्रॅफिकमध्ये मे महिन्यातसुद्धा काटा मधे. मूळ पंखा काढून टाका, इंजिन हलकं फिरतं, पेट्रोलही वाचतं.

टॉर्कपाना
निळूभाऊ, तुमच्या गाडीला अल्टरनेटर आहे का? असणारच. यांचा डायनामो आहे. पंखा ९० वॉटचा धरला तर १२ व्होल्टवर साडेसात अँपिअर ओढणार. रात्री हेडलाइट लावले की तेवढेच आणखी. आणि डायनामो आयडलला जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. म्हणजे सिग्नलला पंख्याची गरज सगळ्यात जास्त, नेमका तेव्हाच तो बॅटरी खाणार. मंडपाच्या दारात गाडी धक्का मारून चालू करावी लागेल. पंखा लावायचाच असेल तर आधी अल्टरनेटर, मग रिले आणि फ्यूज, मग पंखा.

निळू
हो, अल्टरनेटर आहे. पण तो काय महाग नाही, दोन्ही एकदम करून टाका.

तेरेखोल
आमच्याकडे आंबोलीच्या घाटात सगळे जुने लोक इंजिनातल्या पेट्रोल पंपावर ओला फडका ठेवायचे. बाबांच्या गाडीत सीटखाली फडका आणि पाण्याची बाटली कायम असायची. करून बघा, शंभर टक्के फरक पडतो.

टॉर्कपाना
तो फडका पाण्यासाठी नाही हो, पेट्रोलसाठी. इंजिनला लागून असलेला मेकॅनिकल पेट्रोल पंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी आचके देत बंद पडते. यांची गाडी बंद पडत नाहीये, पाणी फेकतेय.

तेरेखोल
गरम ते गरमच ना शेवटी.

आजोबांची_अँबी
थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाका. आपल्या हवेत त्याचं कामच नाही, तो थंड देशांसाठी. मी आयुष्यभर कुठल्याही गाडीत ठेवला नाही.

शून्यमिती
आजोबा, नमस्कार करून असहमत. थर्मोस्टॅट नसला तर इंजिन तापायला वेळ घेतं, तेवढा वेळ चोक लावून पेट्रोल जास्त जातं आणि सिलिंडरची झीज वाढते. अडकलेला थर्मोस्टॅट वाईट, चांगला थर्मोस्टॅट नाही. भांड्यात पाणी तापवून तो त्यात सोडा. ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागला आणि नव्वदीत पूर्ण उघडला तर परत बसवा.

आजोबांची_अँबी
तुम्ही भांड्यात उकळा. मी गाडी चालवतो.

रस्सावडा
मी ऐकलंय की थर्मोस्टॅट काढला की पाणी इतक्या जोरात फिरतं की त्याला रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही. खरं का?

शून्यमिती
नाही. हे प्रत्येक गॅरेजमध्ये सांगतात, पण फिरतं पाणी तेच तेच आहे. रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबलं तर इंजिनमध्येही कमीच थांबतं. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच बाहेर पडते. मूळ प्रश्न बाजूला राहिला. कऱ्हाकाठ, उभी असताना की पळताना, ते सांगाल का?

कऱ्हाकाठ
सिग्नलला काही होत नाही. कात्रजचा नवा बोगदा पार करून खेड शिवापूरच्या पुढे सत्तरने सोडली की काटा चढायला लागतो. शिरवळच्या अलीकडे थांबावं लागतं. थर्मोस्टॅट आधीच्या मेस्त्रीने कधीच काढलाय. मग पंखा घेऊ ना?

टॉर्कपाना
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. सत्तरच्या वेगात समोरून वारा इतका येतो की पंख्याचं कामच उरत नाही. उभी असताना तापली तर संशय हवेवर: पंखा, बेल्ट, जाळीत अडकलेली माती. पळताना तापली तर पाण्याच्या प्रवाहावर, रेडिएटरच्या ताकदीवर किंवा खुद्द इंजिनवर. मारुतीचे चार पंखे लावलेत तरी शिरवळला थांबालच.

निळू
घाटात तरी उपयोग होईल ना. खंबाटकी आहे वाटेत.

टॉर्कपाना
घाटापर्यंत पोचले तर.

शून्यमिती
कऱ्हाकाठ, पैसे खर्च करायच्या आधी तीन गोष्टी बघा, तिन्ही फुकट.

गाडी गार असताना झाकण उघडा, पाणी काठोकाठ भरा. बेल्ट काढा म्हणजे वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) फिरणार नाही, आणि मिनिटभरच इंजिन चालवा. तोंडाशी सतत बुडबुडे येत राहिले तर हेड आणि ब्लॉकमधलं हेड गॅस्केट गेलंय, बाकी सगळं विसरा.

मग बेल्ट लावून, झाकण बंद करून गाडी नीट तापवा. एकाला ॲक्सिलरेटर वाढवायला सांगा आणि तुम्ही रेडिएटरच्या खालच्या रबरी होसकडे बघा. हात आणि शर्टाची बाही पंख्यापासून लांब. होस आत ओढला जाऊन चपटा झाला तर वेगात पाणी पुरत नाहीये.

तिसरं, गाडी तापवून बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवर ठिकठिकाणी तापमान बघा. थर्मामीटर-गन मिळाली तर उत्तम, नाहीतर जपून हाताने. मधे कुठे गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत.

रस्सावडा
आणि टायमिंग? स्पार्क उशिरा पडत असेल तरी वेगात गरम होते. डिस्ट्रिब्युटरमधली ॲडव्हान्सची वजनं गंजून अडकली की वेग वाढला तरी टायमिंग पुढे सरकत नाही. पेट्रोल उशिरा जळतं आणि उष्णता हेडला आणि एक्झॉस्टला जाते.

शून्यमिती
+१. हे माझ्याकडून राहिलं.

काळीपिवळी
अवांतर: ही गाडी कुर्ल्याला तयार व्हायची, १९६४ पासून ११०० डी आणि १९७४ पासून पद्मिनी नावाने. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली होती. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचा परवाना संपला. दिवसभर गर्दीत, वर कॅरिअरवर ट्रंका, आणि तरी चालायच्या. तेव्हाचे ड्रायव्हर कुठे थर्मामीटर-गन लावत होते?

आजोबांची_अँबी
हेच म्हणतोय मी.

रस्सावडा
तेव्हाचे ड्रायव्हर बॉनेटला फट ठेवून चालवायचे, काळीपिवळी. आणि गर्दीत चालायच्या, सत्तरने नाही.

नानापेठ
रेडिएटर गळत असेल तर चमचाभर हळद टाका. बारीक भोक असेल तर पाच मिनिटांत बंद.

कऱ्हाकाठ
ती गेल्या उन्हाळ्यातच टाकली होती. गळती थांबली ना तेव्हाच. आता गळत नाहीये, गरम होतेय. प्लीज विषयावर बोला.

टॉर्कपाना
किती टाकली होती?

कऱ्हाकाठ
पुडी होती घरातली. ड्रायव्हरने टाकली. असेल अर्धा पाव.

टॉर्कपाना
देवा.

नानापेठ
मी चमचा म्हणालो होतो.

शून्यमिती
हळदीला भोक कोणतं आणि नळी कोणती ते कळत नाही, जिथे वाट अरुंद तिथे ती बसते. कऱ्हाकाठ, 'साफ करून झाला' म्हणजे नेमकं काय केलं? रेडिएटरच्या वरच्या-खालच्या टाक्या उघडून प्रत्येक नळीत सळई घातली, की नुसतं पाणी मारलं?

कऱ्हाकाठ
प्रेशरने पाणी मारलं समोर उभं राहून. बुडबुडे नाहीत, बघितलं. खालचा होस चपटा होतोय!! मेस्त्री म्हणतो होस नवीनच आहे, महिन्याभरापूर्वी मीटरवर कापून आणला. उजवीकडचा खालचा कोपरा कोमट, बाकी हात लावता येत नाही. आता होस बदलला की झालं ना?

टॉर्कपाना
अर्धं झालं. मीटरवर मिळतो तो साधा रबरी पाइप, त्यात ना कापडाचा थर ना आत स्प्रिंग. खालच्या बाजूला पंप पाणी ओढतो, तिथे तो गुदमरतो. आत स्प्रिंग असलेला घ्या. पण होस इतका ओढला जातोय याचा अर्थ वरून पाणी पुरेसं उतरत नाही. तो कोमट कोपरा म्हणजे तुमची हळद. रेडिएटर काढा, नाना पेठेत टाक्या उघडून घ्या, समोर उभं राहून नळ्या मोजा.

निळू
एवढं सगळं करण्यापेक्षा मारुतीचा ॲल्युमिनियम रेडिएटरच टाका, पंख्यासकट.

टॉर्कपाना
मारुतीचं इंजिन ७९६ सीसी, हे १०८९. पाइपांची तोंडं वेगळी, पाय वेगळे. लग्नाला चार दिवस असताना वेल्डिंग करत बसायचं? तांब्या-पितळेचा मूळ रेडिएटर झाळून कितीही वेळा दुरुस्त होतो. कोअर, म्हणजे मधली नळ्यांची जाळी, नवा टाका आणि जागा असेल तर नळ्यांची एक रांग जास्त मागा. हे खरं अपग्रेड.

रस्सावडा
जास्त रांगेने कोअर जाड होतो, पंख्याची पाती घासतील. इंजिन माउंट जुने असले तर ब्रेक मारल्यावर इंजिन पुढे येतं. आधी फट मोजा.

घाटपांडे_नाही
गाडी विकणार का? कागद क्लिअर आहेत? व्यक्तिगत निरोप करतो.

कऱ्हाकाठ
विकायची नाही. टाक्या उघडल्या. वरच्या टाकीत पिवळा चिखल, एक तृतीयांश नळ्यांत सळई जातच नव्हती. नवा कोअर टाकतोय, परवा देतो म्हणाला. पाणी कोणतं भरू? बोअरचं चालेल ना, सोसायटीत तेच आहे. मेस्त्री अजून पंख्याचंच म्हणतोय.

शून्यमिती
बोअरचं अजिबात नको, क्षार परत नळ्यांत बसतील. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी आणि तिसरा हिस्सा हिरवं कूलंट. इथे पाणी गोठायची भीती नाही, त्यामुळे अर्धं-अर्धं करायची गरज नाही, आणि उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणी कूलंटपेक्षा सरसच. कूलंट हवं ते गंजासाठी, ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे म्हणून. भरायच्या आधी ब्लॉकचा ड्रेन उघडून तिथलाही गाळ काढा, नाहीतर तो नव्या कोअरमध्ये येईल. थर्मोस्टॅटही बसवून टाका.

आजोबांची_अँबी
नका बसवू.

टॉर्कपाना
आणि एक. वाटेत उकळलीच तर गरम इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेड वाकेल आणि ते घासून सपाट करायचा, फेसिंगचा खर्च अंगावर येईल. झाकण लगेच उघडू नका, काटा खाली येऊ द्या. झाकणाचं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

कऱ्हाकाठ
झाकण नवीन घेतलं, दुकानात होतं ते. बसतंय व्यवस्थित. शनिवारी पहाटे सुरूर फाट्यापर्यंत ट्रायल घेतो.

शून्यमिती
'दुकानात होतं ते' म्हणजे हल्लीच्या गाडीचं असणार, त्यावर ०.९ किंवा १.१ (बार) छापलेलं असेल. जुन्या गाड्यांना साधारण अर्धा बार, म्हणजे ७ पीएसआय. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांना उकळतं, ७ पीएसआयने ते अकरा-बारा अंशांनी वर जातं, तेवढं पुरतं. दाब वाढवला तर उकळणं लांबेल, पण जुना वरचा होस किंवा झाळलेला सांधा कुठेतरी सुटेल. आकडा वाचून सांगा.

तेरेखोल
फडका मात्र ठेवा बरोबर.

शून्यमिती
कऱ्हाकाठ, आकडा?