मालगाडीने आलेल्या मालात तूट: दावा कोठे करावा?

प्रश्न: आमच्या कारखान्याच्या सायडिंगवर (कारखान्यापर्यंत आणलेल्या रेल्वे फाट्यावर) उतरवलेला माल वजनात कमी भरला असून रेल्वे पावतीवर ‘सेड टू कन्टेन’ (माल पाठवणाऱ्याच्या सांगण्यानुसार, रेल्वेने न तपासलेला) असा शेरा आहे. दाद कोठे मागावी?

उत्तर १: रेल्वे अधिनियम, 1989 च्या कलम 106 नुसार, माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून 6 महिन्यांच्या आत लेखी दावा-सूचना द्यावी लागते, तूट लक्षात आल्याच्या दिवसापासून मुदत मोजणारे हमखास फसतात. त्यातून तोडगा न निघाल्यास रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते.

उत्तर २: मुदतीचे बरोबर आहे, परंतु खरी अडचण शेऱ्याची आहे, कारण रेल्वे कर्मचाऱ्याने वजन तपासले नसल्याची नोंद पावतीवर असेल तर कलम 65 प्रमाणे सिद्धतेचा भार तुमच्यावर येतो; तेव्हा भरतीच्या वेळची काटापावती आणि वॅगनच्या सीलची नोंद आधी मिळवा.

उत्तर ३: या वादात डेमरेज (वॅगन ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त अडकून राहिल्याबद्दलचे शुल्क) आकारले असल्यास त्याच्या माफीचा अर्ज स्वतंत्रपणे रेल्वे प्रशासनाकडे करावा.